अश्ववैद्यकांतील ‘बरसाती’ व ‘अर्बुद’ : एका तट्टाच्या निमित्तानें

(१)

जुन्या दप्तरांत व पोथ्यांच्या रुमालांत घोड्यांच्या औषधांचीं बाडें वारंवार आढळतात. संग्राहक तीं हातीं घेतात, अक्षर नागरी कीं मोडी तें पाहतात, वर ‘शालिहोत्र’ असें नांव घालतात आणि बाजूला ठेवितात. राजकीय पत्रव्यवहाराचें महत्त्व त्यांस नाहीं व काव्याची गोडीहि नाहीं. त्यामुळें सनदेची किंवा बखरीची नक्कल करतांना जी काळजी आपण घेतों, ती या बाडांच्या वांट्यास येत नाहीं. हा दोष आमच्या हातूनहि घडला आणि त्याचें फळ एका मुक्या जनावरास भोगावें लागलें. तो प्रसंग सांगून, घोड्याच्या त्वचेवरील वाढींसंबंधीं जीं जुनीं नांवें येतात तीं कशीं वाचावीं, याचा विचार येथें मांडण्याचें योजिलें आहे.

आमच्या संग्रहीं एका सालोत्र्याचें बाड आहे. त्यावर काळ नाहीं, लेखकाचें नांव नाहीं. ऐतिहासिक सिद्धांत उभारण्याजोगें तें साधन नव्हे. सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षीं आम्ही त्याची स्वच्छ नक्कल केली. पुढें एका मार्गशीर्षांत आमच्या तालुक्यांतील एक गृहस्थ आमच्याकडे आले. वरातीसाठीं घोडीं ठेवण्याचा त्यांचा धंदा. सारंगखेड्याच्या यात्रेंत एक तट्टूं विकावयाचें त्यांनीं ठरविलें होतें. तापीकांठची ही एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीस भरते आणि तेथील घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. तट्टूं सात वर्षांचें, चालीनें गोड, गळ्यावर देवमणाचा भोवरा असलेलें. परंतु डाव्या पुढच्या पायामागें, जेथें तंग आवळतात तेथें, सुपारीएवढी खरखरीत वाढ उठली होती. उजव्या कानाच्या मुळाशीं दुसरी, तिच्याहून लहान. कोणी तिला ‘बरसाती’ म्हणत, कोणी ‘मस’. मालकांनीं आम्हांस एवढेंच विचारिलें, “गुरुजी, तुमच्या पोथीत यावर काय लिहिलंय तेवढं सांगा.”

आम्ही आपल्या नकलेंत ‘बरसाती’ हें पद शोधिलें, त्याखालील दाहक क्षाराचा लेप वाचून दाखविला, आणि आपल्या विद्येचा कांहीं उपयोग झाला अशा समाधानांत राहिलों. तो लेप येथें मुद्दाम देत नाहीं. त्याचें कारण पुढें कळेल.

(२)

प्रथम या वाङ्मयाची परंपरा थोडक्यांत पाहूं. घोड्यांचा वैद्य तो सालोत्री, हा शब्द शालिहोत्र या आचार्याच्या नांवावरून आला. शालिहोत्राच्या नांवावर मोडणारे ग्रंथ पुष्कळ असून त्यांत मूळचें किती व मागाहून भर पडलेलें किती याचा निर्णय अवघड आहे. जयदत्तसूरीचें ‘अश्ववैद्यक’ व नकुलाचें ‘अश्वचिकित्सित’ हे दोन ग्रंथ उमेशचंद्र गुप्त कविरत्न यांनीं संपादून कलकत्त्याच्या बिब्लिओथेका इंडिका मालेंत गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत, म्हणजे इ. स. १८८६ च्या सुमारास, प्रसिद्ध केले. नकुलाच्या नांवावरील ‘अश्वशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महालानें रंगीत चित्रांसह १९५२ सालीं छापिलें, आणि भोजाच्या नांवाचें ‘शालिहोत्र’ पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून १९५३ त निघालें. चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासां’तहि अश्वपरीक्षेस चांगलें स्थान आहे.

ही विद्या संस्कृतांतच राहिली नाहीं. शालिहोत्राचीं फारसी रूपांतरें झालीं. शहाजहानाच्या कारकीर्दींत अब्दुल्लाखान फिरोजजंग यानें केलेलें त्यांपैकीं एक. त्या परंपरेंतील ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर जोसेफ अर्ल्स यानें ‘सालोतर’ या नांवानें १७८८ सालीं कलकत्त्यास छापिलें. म्हणजे आपल्या दप्तरांतील एखाद्या बाडांत संस्कृत पद, फारसी संज्ञा व देशी औषध एकाच ओळींत बसलेलीं दिसलीं, तर त्यांत नवल नाहीं. असें बाड भ्रष्ट झालेलें नसतें. अनेक हातांतून वापरलें गेलेलें असतें. हा भेद ध्यानांत न धरल्यामुळेंच आमचा घात झाला.

(३)

अश्वशास्त्राचीं दोन अंगें आहेत. एक लक्षणांचें, दुसरें चिकित्सेचें. लक्षणांत रंग, भोवरे, दांत, खुर, हेषारव यांवरून घोडा शुभ कीं अशुभ तें सांगतात. देवमण चांगला, गोम वाईट, पंचकल्याण घोडा भाग्याचा, इत्यादि. चिकित्सेंत वात, पित्त व कफ यांच्या प्रकोपाप्रमाणें रोग व त्यांवरील उपाय येतात. त्वचेवरील वाढ ही या दोन अंगांच्या सीमेवर पडते. विकणारा म्हणतो ही जन्मखूण आहे. घेणारा म्हणतो हा ऐब आहे. सालोत्र्यास मात्र तो रोग आहे किंवा नाहीं तें ठरवावें लागतें.

घोडा दाखविणें ही आपल्या इतिहासांत साधी गोष्ट नव्हती. कौटिल्यानें अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत प्रत्येक घोड्याचें कुल, वय, वर्ण, चिन्ह, वर्ग व तो कोठून आला हें लिहून ठेवावें असें सांगितलें आहे; आणि अप्रशस्त, व्यंग व व्याधित घोड्यांची वर्दी वेगळी द्यावी अशी आज्ञा आहे. अप्रशस्त व व्याधित हे दोन वर्ग त्यानें निराळे गणिले, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें मोलाची आहे. अशुभ खूण आणि रोग हीं एक नव्हेत, हें सरकारी नोंदींत तरी तेव्हांच मान्य झालें होतें. त्याच प्रकरणांत चिकित्सकाच्या हयगयीनें रोग बळावला तर खर्चाच्या दुप्पट दंड, आणि त्याच्याच अपराधानें जनावर दगावलें तर त्याच्या किंमतीएवढा दंड सांगितला आहे. हा शेवटचा नियम आम्ही शिक्षक असतां अनेकदां शिकविला. तो स्वतःस लागू होईल असें वाटलें नव्हतें.

पुढें अल्लाउद्दीन खलजीनें व नंतर अकबरानें घोड्यांस डाग देण्याची व त्यांचा हुलिया अथवा चेहरा लिहिण्याची पद्धति चालविली. हेतु हा कीं हजिरीस एक घोडा दाखवून चाकरीवर दुसरा आणूं नये. मराठ्यांच्या फौजेंत बारगिराचा घोडा सरकारचा व शिलेदाराचा त्याच्या स्वतःचा. म्हणून घोड्यांतील दोष लपविण्यांत कोणाचा लाभ व कोणाची हानि होई, तें दोहोंकडे वेगळें होतें. सभासदाच्या बखरींत पागेंतील पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद सांगितला आहे. पावसाळ्यांत लष्करानें छावणीस यावें, तेथें दाणा, औषधें व घोड्यांसाठीं शाकारलेलीं घरें आधींपासून तयार असावीं, आणि दसऱ्यास कूच करावें, असा क्रमहि तींत दिला आहे. चिपळूणच्या छावणींतील अंमलदारांस शिवछत्रपतींकडून गेलेलें प्रसिद्ध पत्र याच काळजीचें आहे : दाणावैरण आतांच उधळली, तर भर पावसाळ्यांत घोडीं मरतील आणि तीं तुम्हींच मारिलीं असें होईल.

हा ऋतुक्रम आमच्या प्रश्नाची किल्ली आहे. चार महिने ओल, चिखल व माशा. नंतर दसरा, आणि घोडा लोकांपुढें येण्याची वेळ. छावणींत उठलेलें व्रण दसऱ्यापुढील थंडींत सुकत असेल, तर तें हजिरीस व बाजारांत दिसणार नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत मात्र नव्या धन्याच्या दारीं फुटेल.

(४)

‘बरसाती’ हें नांव नेमकें अशाच रोगाचें आहे. नांवांत कारण सांगितलेलें नाहीं, काळ सांगितला आहे. गेल्या दोन शतकांतील इंग्रज पशुवैद्यांनीं हिंदुस्थानांतील घोड्यांत हा रोग पाहिला आणि देशी नांवच आपल्या भाषेंत घेतलें. पावसाळ्यांत पायावर, पोटाखालीं, ओठांवर किंवा डोळ्याच्या कोपऱ्यांत न भरणारें व्रण होतें, त्यांत मांस उंच वाढतें, आणि त्या मांसांत पिवळट कठीण खडे सांपडतात. या खड्यांस त्यांनीं ‘कंकर’ म्हटलें, तोहि आपलाच शब्द. थंडी पडली कीं व्रण बसतें. पाऊस आला कीं पुष्कळदां पुन्हां उठतें.

याचें कारण काय यावर बराच वाद झाला. १८८४ सालीं फ्रेडरिक स्मिथ यानें या रोगाच्या विकृतीवर लिहितांना बुरशीसारख्या जीवाकडे बोट दाखविलें. नंतरच्या संशोधनानें असें दिसून आलें कीं ‘बरसाती’ हा एक रोगच नव्हे. कांहीं व्रणें हॅब्रोनेमा नांवाच्या जंताच्या अळ्यांनीं होतात. घरांतील व तबेल्यांतील माशा त्या अळ्या ओल्या जखमेवर आणून सोडतात. कांहीं व्रणें सांचलेल्या पाण्यांत वाढणाऱ्या बुरशीसदृश जीवामुळें होतात. त्यास १९८७ सालीं पिथियम इन्सिडिओसम हें नांव मिळालें. पाणथळींत उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या पायांस व पोटास हा दुसरा रोग जडतो. माशी व पाणी हीं दोन्ही पावसाळ्याचीं. म्हणून सालोत्र्यानें दोहोंस एकच नांव दिलें. त्याचें निरीक्षण चुकलें नाहीं. कारण दृष्टीस पडणारें नव्हतें. ऋतु दृष्टीस पडत होता, तो त्यानें नोंदविला.

(५)

आतां अर्बुदाकडे वळूं. अश्ववैद्यांनीं मनुष्यवैद्यकाचीच परिभाषा बव्हंशीं उचलली, म्हणून सुश्रुताचें म्हणणें येथें पाहणें प्राप्त आहे. निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायांत ग्रंथि, अपची, अर्बुद व गलगंड यांचा विचार आहे. अर्बुद तें वाटोळें, स्थिर, मंद वेदनेचें, खोल मुळाचें, सावकाश वाढणारें व न पिकणारें. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायांत त्यावरील उपाय येतात. शस्त्र, अग्नि व क्षार हे त्यांतील मुख्य. परंतु सुश्रुताचा खरा भर उपायाच्या पूर्णतेवर आहे. दोषाचा शेष ठेवून अर्बुद काढिलें तर तें लवकरच पुन्हां उठतें. म्हणून तें निःशेष काढावें, कारण राहिलेला अंश विस्तवाच्या शेषासारखा नाश करितो, असा त्याचा आशय आहे.

घोड्याच्या त्वचेवर होणारी जी गांठ आज जगभर सर्वांत अधिक आढळते, तिला सार्कॉइड म्हणतात. तिचें पहिलें सविस्तर वर्णन दक्षिण आफ्रिकेंत जॅक्सन यानें १९३६ सालीं केलें. १९५१ सालीं ओल्सन व कुक यांनीं गुरांच्या चामखिळीचा अर्क घोड्यांच्या त्वचेंत टोचून तशाच गांठी उत्पन्न केल्या. पुढें गुरांच्या चामखिळीचा विषाणु, विशेषतः त्याचे पहिला व दुसरा हे प्रकार, या गांठींत प्रत्यक्ष सांपडला. गुरें व घोडीं एकत्र बांधतात तेथें विषाणु एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यांत माशांचा वांटा असावा असें मानितात. शिवाय कांहीं घोड्यांच्या वंशांतच या रोगाची प्रवृत्ति अधिक असते. गांठ कधीं केस गेलेल्या चट्ट्यासारखी, कधीं चामखिळीसारखी, कधीं त्वचेखालील गोळीसारखी, तर कधीं उघड्या लाल मांसासारखी दिसते. कान, डोळ्याभोंवतालचा भाग, पुढच्या पायामागील तंगाची जागा, पोटाखालचा भाग व मांडीची आंतील बाजू हीं तिचीं आवडतीं स्थळें. जुन्या जखमेच्या जागींहि ती उठते. आंतील अवयवांत ती पसरत नाहीं. परंतु अर्धवट कापल्यास, जाळल्यास किंवा घांसली गेल्यास शांत बसलेली गांठ चवताळते व पूर्वीपेक्षां वेगानें वाढते.

येथें सुश्रुताचें निःशेषतेचें वचन व आजचा अनुभव एकमेकांस मिळतात. तथापि यावरून ‘अर्बुद म्हणजे सार्कॉइड’ असें समीकरण मांडणें बरोबर नाहीं. अर्बुद पिकत नाहीं म्हणतात. सार्कॉइड तर पुष्कळदां फुटून वाहतें. अर्बुद हा अनेक गांठींचा वर्ग आहे. त्यांत सार्कॉइड बसूं शकेल, पण तो वर्ग त्यानें भरत नाहीं.

दुसऱ्याहि दोन वाढी येथें नोंदविल्या पाहिजेत. शिंगरांच्या ओठांवर व नाकपुड्यांवर बारीक चामखिळींचें पीक येतें. तें घोड्यांच्याच एका विषाणूमुळें येतें आणि कांहीं महिन्यांत बहुधा आपोआप जातें. या काळांत जो लेप लाविला असेल त्यास यश मिळतें. जुन्या बाडांत ‘अनुभविक’ म्हणून शेरा मारलेल्या कांहीं औषधांची कीर्ति अशी झाली असेल, हें आमचें अनुमान आहे. दुसरी वाढ वयानें पांढऱ्या होणाऱ्या घोड्यांची. जन्मतः काळें किंवा तांबडें असून पुढें पांढरें होणारें घोडें म्हातारें झालें कीं त्याच्या शेंपटीखालीं काळ्या कठीण गांठी फार वेळां होतात. हा रंग व या गांठी यांचा संबंध एकाच आनुवंशिक फरकाशीं आहे, असें २००८ सालीं सिद्ध झालें. अशा घोड्यांस मिरवणुकींत मान असतो. म्हणजे ज्या रंगास लक्षणशास्त्र शुभ म्हणतें, त्याच रंगाच्या पोटीं चिकित्साशास्त्राचा एक रोग आहे. लक्षण व व्याधि यांची नोंद निराळी कां ठेवावी, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

(६)

आतां त्या तट्टाचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. तंगाजवळच्या गांठीवर लेप तीन वेळां लाविला गेला. तिसऱ्या आठवड्यांत ती फुटली, लाल मांस वर आलें व सुपारीची जागा लिंबाएवढी झाली. कानाजवळच्या गांठीस लेप लाविला नव्हता. ती होती तशीच राहिली. यात्रा तर हुकलीच. मालक आम्हांस एका शब्दानेंहि बोलले नाहींत. तें तट्टूं आमच्या दारावरून सरकारी दवाखान्यांत घेऊन गेले, तेव्हां आम्ही बरोबर गेलों. पशुवैद्यांनीं तंग येतो ती जागा पाहिली, कान पाहिला, आणि गांठ केव्हांपासून आहे, पावसाळा संपल्यावर ती बसली होती काय, असें विचारिलें. मालक म्हणाले, “नाही साहेब. वर्ष झालं, ऊन असो, थंडी असो, तशीच.” एवढ्या उत्तरानें बरसातीचा पक्ष बराच दुबळा झाला. गांठ भोंवतालच्या निरोगी कातडीसह काढून तिचा अंश तपासणीस पाठविला व उरलेली जागा अतिशीत द्रव्यानें गोठविली. तपासणींत सार्कॉइड ठरलें. पांच महिन्यांनीं जखमेच्या एका कडेस पुन्हां दाणा उठला, तोहि काढिला. कानाजवळच्या गांठीस हात न लावितां तिच्यावर नजर ठेवावी असें ठरलें. तें तट्टूं विकलें गेलें नाहीं. मालकांनीं त्यास तंग लावणें सोडून दिलें आहे व तें त्यांच्या दारीं आहे.

घरीं परत आल्यावर आम्ही मूळ बाड काढिलें. ‘बरसाती’च्या कलमाशेजारीं समासांत, निराळ्या व बारीक हातानें, एक ओळ लिहिलेली होती. जें पावसांत फुटतें व थंडींत बसतें त्यासच हें औषध, इतरांस लावूं नये, असा तिचा आशय. नक्कल करतांना ती आम्हीं पाहिली होती. अक्षर दुसरें, शाई दुसरी. तेव्हां ही मागाहूनची भर, मूळ पाठाचा भाग नव्हे, असें ठरवून आम्हीं ती गाळिली. पाठशुद्धीचा हाच नियम आम्ही काव्यग्रंथांपासून शिकलों होतों. काव्याच्या पोथींत समासांतील पराक्षर बहुधा टीप असतें. सालोत्र्याच्या बाडांत तें कोणा एका घोड्याच्या हालावरून शिकलेला धडा असूं शकतें. त्या अनाम माणसानेंहि कदाचित् आमच्याप्रमाणेंच चूक करून ती ओळ लिहिली असेल. त्याची चूक कागदावर राहिली. आम्हीं ती पुसली आणि पुन्हां केली.

(७)

यावरून संग्राहक व संपादक यांस आमची विनंति आहे. अश्ववैद्यकाच्या बाडांतील रोगनाम आधुनिक नांवाशीं एकदम जोडूं नये. प्रथम चार गोष्टी पाहाव्या : वाढ शरीराच्या कोणत्या जागीं सांगितली आहे, कोणत्या ऋतूंत उठते व बसते, घोड्याचें वय व रंग कोणता, आणि कापल्यावर किंवा जाळल्यावर काय झालें म्हणतात. या चार गोष्टी मिळाल्या तर नांवाच्या मागें कोणता रोग असावा याचें अनुमान करतां येईल. न मिळाल्या तर नांव नांवच ठेवावें. समासांतील प्रत्येक ओळ, हात निराळा असल्याचा उल्लेख करून, नकलेंत घ्यावी. आणि अशा बाडांतील योग कोणी प्रत्यक्ष वापरावयास मागितला, तर जनावर आधीं पशुवैद्यास दाखवावें व मग पोथी उघडावी.

आमच्या नकलेंत ती ओळ आतां तिच्या जागीं लिहिली आहे. तिच्याखालीं, तिसऱ्या हाताची म्हणून, त्या तट्टाची हकीकत आम्हीं दोन ओळींत जोडली आहे. पुढील नक्कलकारानें ती गाळूं नये, एवढीच इच्छा आहे. सुज्ञांस अधिक सांगणें नलगे.